इंजिन : ना

चारशे.
म्हणजे मागणेच चुकीचे, असे सर्व्हर म्हणतो.
खाली बारीक अक्षरांत:
पॅरामीटर सापडला नाही. इंजिन.

मडगावच्या बाजारामागे,
पंख्यांच्या मोटारी वाइंड करणाऱ्या दुकानावर आमचे ऑफिस.
दिवसभर वार्निशचा वास.
होड्यांच्या नोंदणीचा फॉर्म माझा.
एकशे बारा होड्या बिनबोभाट आत गेल्या,
एकशे तेरावी अडली.
बेतूलच्या सोसायटीतून फ्लोरिन्याचा फोन:
"तुझा फॉर्म इनास कार्दोजाला घेत नाही गो."

संशय आधी माणसावर घेतला. असाच घेतात.
म्हातारा आहे, बोट भलतीकडे पडले असेल,
तांबड्या फुलीचा एखादा रकाना सुटला असेल.
मग नेटवर्कवर;
तिथे संशयाला कायम जागा असते.
मग कुठे लॉग उघडला.
सारे नीट पोचलेले: नाव, वाडा,
लांबी साडेपाच मीटर, लाकूड आंब्याचे,
बांधणी कोणाची? "बापायची."
आणि इंजिन यायचे तिथे
रिकामी जागासुद्धा नाही.

रिकामे वेगळे, नसलेले वेगळे.
रिकामा डबा शाळेतून घरी तरी येतो,
उघडून हुंगता येतो.
नेलाच नाही त्या डब्याला काय हुंगायचे?

माझाच उद्योग, मार्चअखेरच्या घाईतला:
'इंजिन आहे का?' ला 'नाही' म्हटले
की इंजिनाचा अख्खा भाग करडा पडावा.
करडे रकाने ब्राउझर उचलत नाही,
सबमिट दाबले की ते मागेच राहतात, किनाऱ्यावर.
आणि पलीकडे माझाच कंट्रोलर दार अडवून:
इंजिन दाखव, मग आत ये.
एका हाताने काढून घ्यायचे,
दुसऱ्याने मागायचे.

पहिली दुरुस्ती दहा मिनिटांची.
एक छुपा रकाना, आत शून्य.
तांबडे गेले, हिरवे आले,
फ्लोरिन्याने अंगठा पाठवला, मी चहा मागवला.

तिसऱ्या आठवड्यात इनासच्या फोनवर संदेश:
आपल्या शून्य अश्वशक्तीच्या इंजिनाची
वार्षिक तपासणी बाकी आहे.
येताना इंजिन सोबत आणावे.

तो आला.
वल्हे घेऊन.

फ्लोरिन्याने फोटो धाडला:
काउंटरवर आडवे वल्हे,
ओले टोक पावतीपुस्तकावर,
मागे टोपी हातात धरून तो,
थोडा अपराधी, थोडा मजेत.
फोन त्याच्या कानाला लावला तिने.
"म्हज्या व्हड्याक इंजीन ना, बाय."

ना.
कोकणीत 'न्हय' वेगळे, 'ना' वेगळे.
न्हय म्हणजे जे म्हणता ते हे नव्हे.
ना म्हणजे मुळात नाहीच.
शून्य यातले काहीच म्हणत नव्हते;
शून्य म्हणत होते, आहे, पण शून्य आहे.
मी त्याच्या होडीला
एक अदृश्य यंत्र जोडून दिले होते
आणि ते कसे चालते ते त्यालाच विचारत होते.

त्या रात्री छुपा रकाना खोडला.
कंट्रोलरमध्ये जिथे 'हवेच' होते
तिथे 'आले तर घे, नाही आले तर पुढे जा' असे लिहिले.
एक चाचणी घातली: होडी, इंजिनाविना. अपेक्षा: आत घ्यावी.
ती आधी पडली. पाहिले तर
एक 'हवेच' अजून खालच्या ओळीत दबून बसलेले.
माझ्याच हातचे. तेही काढले.
डेटाबेसात आणखी सहा शून्ये निघाली,
सहा होड्या, एकीनेही तक्रार केली नव्हती.
एकेक उघडून पुसली.

सकाळी इनासला सांगितले, झाले, आता संदेश येणार नाही.
बरे म्हणाला. मग थांबून,
वल्ह्याला तुझ्याकडे रकाना आहे?

नव्हता.
आता आहे, सक्तीचा नाही.
त्याने अजून भरलेला नाही.